बॉनेटखालचा उंदीर

“उंदीर! अगं, उंदरांनी पार वाट लावली गाडीची!” जावई फोनवर ओरडला.

ओरडला तो चक्क गाडीतच बसून. नवीकोरी गाडी, इंजिन मस्त चालू, एसी अंगावर, आणि हा पठ्ठ्या आवाजात रडू आणतोय.

पलीकडे बायको. उद्या सकाळी तिच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन. मोतीबिंदू असा पिकलेला, की परवा आईने खुंटीवरच्या रेनकोटला “या, बसा” म्हटलं होतं. दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि आईला न्यायचं याच गाडीतून. तारीख मिळवायला बायकोने इतके खेटे घातले होते, की तिथला शिपाई तिला नावाने ओळखायला लागला होता. ही तारीख हुकली तर पुढची कधी, ते डॉक्टरही सांगेनात.

आणि सासूबाईंना गाडी लागते. बस, भानगड एवढीच! भांडण नाही, तंटा नाही, उलट सासू बिचारी जावयाला कुठे ठेवू नि कुठे नको करते. पण गाडीत बसली, की दुसऱ्या वळणालाच तोंडाला रुमाल. आणि याच्या सीटा कशा? दुधाच्या सायीच्या रंगाच्या! हा स्वतः बूट हातात धरून गाडीत बसतो. आता तुम्ही म्हणाल, सीटांवर प्लास्टिक असेलच ना अजून? आहे की. पण याला त्या प्लास्टिकचीही काळजी.

“कुठली वायर गेलीये?” बायकोने विचारलं.

“सगळ्या! एकेक उंदीर मांजराएवढा!”

“तुम्ही बघितलेत?”

“या डोळ्यांनी!”

जमलं, असं त्याला वाटलं. त्याने एसी आणखी वाढवला.

“बरं,” बायको म्हणाली, “मी मेकॅनिकला सांगते, तो कोपऱ्यावरच असतो. आणि आई बसने निघालीये, पोचेलच. आम्ही सगळे खाली येतो.” फोन बंद.

एसीत घाम फुटणं म्हणजे काय ते त्याला तेव्हा कळलं.

इंजिन बंद करून, टुणकन उतरून त्याने बॉनेट उघडलं. आत सगळं कसं शोरूमसारखं. एक वायर धड कुरतडलेली असेल तर शपथ! त्याने पक्कड काढली, मग थबकला. पक्कडीने कापली तर कापल्यासारखीच दिसणार ना! फोनवर फोटो शोधले. उंदराने खाल्लेली वायर म्हणे झिपरी झिपरी होते, वर बारीक दातांच्या खुणा. किल्लीने घासून बघितलं. दगडाने ठेचून बघितलं. छे! पार्किंगभर वाकून वाकून खरा उंदीर शोधला. एरवी पायात येणारे उंदीर, आज एकही नाही. सगळे जणू सासूच्या बाजूचे.

मग त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. गाडीला फार इजा व्हायला नको म्हणून त्यातल्या त्यात बारीक वायर निवडली. रुमालाने पुसली. पुसली हं, आधी! आणि कमरेपर्यंत बॉनेटखाली शिरून तो कचाकचा चावायला लागला. हिसडे देतोय, ओढतोय, मान झटकतोय. कट्ट! तुटली एकदाची.

तेवढ्यात लिफ्टचा दरवाजा वाजला.

बायको पुढे, तिच्या हातात आईची पिशवी, मागे भिंत चाचपत आई. फाटकातून मेकॅनिक. आणि जावई तोंडावर रुमाल दाबून उभा.

“काय झालं हो?” बायको म्हणाली.

“म्म,” तो म्हणाला.

“अगं, धक्का बसलाय त्यांना,” आई म्हणाली. “नवी गाडी, जीव तुटणारच. जावईबापू, मनाला लावून घेऊ नका हं. मी जाईन उद्या बसने. हिचा हात धरून जाईन, काही पडत नाही मी.”

जावयाने मान हलवली. जोरजोरात, हो म्हणून. त्या खुणेकडे बायको बघतच राहिली.

मेकॅनिकचं डोकं बॉनेटखाली होतं. “कसल्या सगळ्या वायरी, वहिनी? एकच तुटलीये, तीही हॉर्नची. आत्ता जोडून देतो. गाडीला काय धाड भरलीये? पार जगाच्या टोकापर्यंत जाईल.”

“म्हणजे आईला नेता येईल?”

“आत्ता निघा म्हटलं तरी…” मेकॅनिक मध्येच थांबला. दोन बोटं आत घालून त्याने काहीतरी उचललं, फडक्याने पुसलं, उजेडात धरलं. मग पुन्हा पुसलं. त्याच्या मिशा थरथरायला लागल्या.

“वहिनी, उंदीर दात विसरून गेलाय.”

बायकोने हात पुढे केला. पांढरीशुभ्र कॅप. चांगली माणसाच्या पुढच्या दाताएवढी, मागे डेंटिस्टने लावलेलं सिमेंट अजून तसंच. तिने ती आईच्या तळहातावर ठेवली.

आईने डोळ्याजवळ नेऊन बघितली. लांब धरून बघितली. शेवटी बोटांनी चाचपली, अगदी सावकाश. मग रुमालाच्या पांढऱ्या ठिपक्याचा अंदाज घेत ती जावयाकडे वळली.

“जावईबापू, मला मेलीला नीट दिसत नाही हो. जरा जवळ या, आणि हसून दाखवा बघू.”