सैल पकड

प्रथिनाची साखळी कुणाशीच जुळेना. माहीत असलेल्या प्रथिनांचा सगळा साठा पालथा घातला, तरी पडद्यावर एकच उत्तर येत होतं: नातेवाईक नाहीत.

प्रथिनांना त्यांच्या घडीवरून, म्हणजे आकारावरून, कुळात बसवणं हे तिचं रोजचंच काम. घरचे चेष्टेने तिला ‘घडीवाली’ म्हणत. पण हे प्रथिन तिच्या भाचीचं होतं. पोर चालायला लागली आणि काही महिन्यांतच तिच्या पायांतलं बळ गेलं. तपासणीत दोष सापडला तो याच प्रथिनात. ते शरीरात नेमकं काय करतं, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

तिने साखळीचा नाद सोडला. प्रथिनाची आकृती पडद्यावर घेऊन सावकाश फिरवू लागली. पिळे, पट्ट्या, मधे एक खोबण. ही खोबण ओळखीची वाटली. तिने एका जुन्या कुळातलं प्रथिन त्यावर ठेवून पाहिलं. साखळीतले मणी वेगळे, पण घडी तीच. पिळ्यावर पिळा नेमका बसला. त्या कुळातली सगळी प्रथिनं खोबणीत एक जीवनसत्त्व धरून ठेवत. भाचीचा दोष खोबणीच्या काठावरच होता. पकड सैल पडली होती.

“जीवनसत्त्व भरपूर दिलं, तर थोडं तरी टिकेल,” ती डॉक्टरांना म्हणाली. “पण खात्री नाही.”

“अपाय तर नाही ना? मग देऊन बघू.”

काही आठवड्यांनी धाकट्या बहिणीचा फोन आला. भाची पलंगाला धरून उभी राहिली होती आणि कुणी खाली बसवायला गेलं की किंचाळत होती.

“ताई, आईला तूच सांग,” बहीण रडत म्हणाली. “दादाचंसुद्धा.”

त्यांचा थोरला भाऊ याच वयात, असाच पाय लुळे पडून गेला होता. त्याआधी अंघोळ घालताना तो आईच्या हातून निसटला होता. त्यानंतर त्याचं नाव घरात कुणी काढत नसे.

आई शेंगा सोलत बसली होती.

“पडल्यामुळे नाही गेला तो, आई. डॉक्टर म्हणतात, हेच दुखणं होतं. जन्मापासूनचं. अर्धा दोष तुझ्याकडून आलेला, अर्धा बाबांकडून.”

आईचे हात थांबले.

“हे त्यांना जिवंतपणी कळायला हवं होतं गं,” ती म्हणाली. “तुम्हा दोघींना त्यांनी मला एकदाही अंघोळ घालू दिली नाही.”

अंघोळ घालायची बाबांनाच हौस होती, असं त्या दोघी आजवर समजत आल्या होत्या.