नळाला हात लावताना

मंगलने बॅगेत शेवटची साडी कोंबली आणि चेन ओढायला घेतली, तेवढ्यात दारातून तिच्या नवऱ्याचा, युवराजचा, आवाज आला.

"आज कामावर जात न्हाय. वायरमनला आणाय निघालोय."

मंगलचा हात थांबला. उद्यमबागेतल्या फौंड्रीत लागल्यापासून या माणसाने स्वतःच्या तापासाठीही कधी खाडा केला नव्हता.

"मेन बंद केलाय," तो म्हणाला. "मी येईस्तोवर चालू करू नको. पायपात करंट उतरलाय बहुतेक."

पायपात करंट उतरलाय! दिवाळीपासून मंगल दुसरं काय सांगत होती?

दिवाळीला न्हाणीत गिझर बसला आणि नळाला हात लावला की तिच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग मुंग्यांच्या झिणझिण्या झाल्या, आणि पुढे कोपरापर्यंत झटका बसू लागला. तिने सांगितलं तेव्हा युवराज न्हाणीत गेला, नळ घट्ट धरून उभा राहिला आणि म्हणाला, "कुठं काय? मला तर कायच लागत न्हाय." लागणार कसं? साहेबांच्या पायात जाड रबरी चपला होत्या. घरात चपला घालून फिरणारी सून मात्र जयाबाईंना, म्हणजे मंगलच्या सासूला, खपत नसे. त्यामुळे ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहायची ती एकटी मंगल. जयाबाईंना तर अंघोळीचं पाणी बादलीत काढून मिळायचं, त्यांचा नळाशी संबंधच येत नव्हता.

जयाबाईंनी आपल्या परीने उपाय केले. लिंबू उतरवून टाकलं. गुण येईना तेव्हा सुनेला देवरुष्याकडे नेलं. त्याने बाहेरची बाधा असल्याचं सांगून तिच्या दंडात काळा दोरा बांधला.

"एकदा वायरमनला बघून तरी जाऊ दे," मंगल विनवायची.

"बघाय आला की त्यो कायतरी खर्च काढणारच," युवराज म्हणायचा आणि विषय तिथेच मिटायचा.

गल्लीतल्या बायका तिच्याकडे वेगळ्याच नजरेने पाहू लागल्या. कुणी तिच्या हातातलं बाळ काढून घेतलं, कुणी हळदीकुंकवाला बोलवायचं टाळलं. हळूहळू तिला स्वतःलाही वाटायला लागलं की आपल्यालाच काहीतरी झालंय. हे मात्र फार वाईट होतं.

काल संध्याकाळी झटका एवढा जोरात बसला की ती न्हाणीतच आडवी झाली. युवराजने तिला उचलून कॉटवर टाकलं. जयाबाईंनी कपाळाच्या जखमेवर हळद दाबली आणि विचारलं, "दोरा काढलीस काय गं?" त्याच क्षणी मंगलने ठरवलं, नंदगडला माहेरी निघून जायचं आणि परत या उंबऱ्यात पाऊल टाकायचं नाही.

आणि आज हा माणूस खाडा करून वायरमनला आणायला गेला होता.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. परसातल्या गोठ्यात म्हैस असल्याने घरात दुधाला एरवी तोटा नसे, पण आज पातेलं रिकामंच होतं. काल पडल्यापासून तिने कुठे लक्षच दिलं नव्हतं. तिने कोरा चहा टाकला. मागच्या दाराने जयाबाई आल्या. त्यांचे डोळे सुजले होते. दुधासाठी घर डोक्यावर घेणाऱ्या त्या बाईने मुकाट्याने कोरा चहा घेतला.

"आत्ती, रडलासा व्हय?"

"जीव लावल्यावर बघवतंय व्हय गं?" जयाबाई म्हणाल्या. "देवाला नारळ बोललोय मी. आणि काय करू?"

मंगलच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढ्या दिवसांचा राग कुठच्या कुठे गेला. आपणच या माणसांना ओळखलं नाही, असं वाटून तिची तिलाच लाज वाटली. तिने आत जाऊन आईला फोन लावला.

"आई, मी येत न्हाय गं. माझ्यासाठी खाडा केलाय त्यांनी आज."

"बघ, म्हणलं नव्हतं?" आई म्हणाली. "मनानं वाईट न्हाईत ती माणसं."

मंगलने साड्या पुन्हा कपाटात लावल्या.

युवराज मोटरसायकलवर महादेव वायरमनला घेऊन आला. महादेवने मेन चालू केला आणि न्हाणीतल्या नळाला टेस्टर लावला. टेस्टर लख्ख पेटला. त्याने झटकन मेन पाडला, गिझर खोलला आणि कपाळाला हात लावला.

"अर्थिंगची वायर जोडलेलीच न्हाय की हो! आतलं कॉइल फुटलंय. लोखंडी पाइप हाय, परसापतूर सगळीकडं करंट गेलाय. कुणाचा तरी जीवच गेला असता."

युवराजचा चेहरा पांढराफटक पडला. दाराशी उभ्या असलेल्या मंगलला वाटलं, सगळ्या गल्लीला हाका मारून हे ऐकवावं. तिला बाधा नव्हती. ती खोटं बोलत नव्हती. आज तिच्याच घरात, सगळ्यांच्या देखत, हे सिद्ध झालं होतं. बऱ्याच दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

"कवापासनं झटकं बसत्यात?" महादेवने विचारलं.

मंगल सांगायला पुढे झाली. पण त्याआधीच पदराने डोळे पुसत जयाबाई बोलू लागल्या.

"काल सांजच्यापासनं रं बाबा. गोठ्यातल्या टाकीत तोंड घातलं आणि वरडून मागं उडाली माझी म्हस. तवापासनं पाण्याला शिवली न्हाय, दुधाचा थेंब न्हाय. युवराज म्हणला, आता वायरमन आणायलाच पायजे. मुकं जनावर त्ये, खोटं सांगतंय व्हय?"