खोलीवरचा स्वयंपाक

परभणीत शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून सुमंगलानं सगळ्या घराला महाबळेश्वर दाखवायचं ठरवलं. खर्चाचा हिशेब मात्र नवरा काशीनाथ आणि दीर करायला बसले. "हॉटेलातलं जेवण लय महाग पडतंय," काशीनाथ म्हणाला. "छोटा गॅस सोबत घेऊ. सुमंगला खोलीवर सैपाक करंल." दिरानं लगेच मान डोलावली. "वैनीच्या हातची भाकर कुठं मिळणार तिथं!" सुमंगलाचं डोकं सणकलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच ती चुलीपासून चार दिवस लांब जाणार होती. "मंग माझं तिकीटच काढू नका," ती कडाडली. "तेवढाच खर्च वाचंल." काशीनाथ दचकला. "अगं, असं कसं? मंग सैपाक कोण करंल?" त्याला काळजी होती ती स्वयंपाकाची. सुमंगलानं मोबाइल उचलला आणि सगळ्यांसमोर तिकीट काढलं. काशीनाथनं वाकून पाहिलं. "एकच?" "एकच," ती म्हणाली. "माझ्या पैशात एवढंच बसायलंय."