मी सांगेपर्यंत

"उघडायचा आणि मिटायचा. एवढंच काम?" बायकोने तिसऱ्यांदा विचारलं.

"एवढंच नाही," नवरा म्हणाला. त्याने जेवणाच्या टेबलावर दोन पुस्तकं समोरासमोर ठेवली आणि त्यांची टोकं वर उचलली. "मोठं जहाज आलं, की आधी फाटक पाडायचं, वाहतूक थांबवायची. मग पुलाची दोन्ही पाती वर." मधल्या फटीतून त्याने मिठाची बाटली सरकवत नेली.

तिने बाटली उचलून जागेवर ठेवली. गेले तीन आठवडे ती ही जहाजं जागेवर ठेवत होती.

नवरा रंगाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होता. अकरा वर्षं एकच प्रयोगशाळा, पुढच्या वर्षी विभागप्रमुख होणार हे शिपायालासुद्धा ठाऊक. राहतं घर कारखान्याचं. नोकरी सुटली की तेही सुटणार. सगळं सुरळीत चाललं होतं. मग आईवडिलांचं घर रिकामं करताना कपाटाच्या तळाशी शाळेची एक जुनी वही सापडली. कव्हर कधीच फाटून गेलेलं. आत एक निबंध: 'मी मोठेपणी पूल उघडीन. वरच्या केबिनमध्ये बसेन. मी बटण दाबलं की सगळ्या गाड्या थांबतील. बाबांची सायकलपण थांबेल. मी सांगेपर्यंत कुणीही जायचं नाही.'

नेमकी त्याच आठवड्यात पूलचालकाच्या जागेची जाहिरात आली. नवऱ्याला तो संकेत वाटला, बायकोला निव्वळ ताप.

"आठ वर्षांचा असताना मला कळलं होतं," तो म्हणायचा. "मधेच कुठेतरी विसरलो." सकाळी किल्ल्या कुठे ठेवल्या हे ज्याला संध्याकाळी आठवत नसे, त्याला म्हणे तो निबंध लिहितानाची दुपारसुद्धा लख्ख आठवत होती. राजीनाम्याचं पत्र त्याने टाइप करून बॅगेत, डब्याशेजारी ठेवलं होतं. फक्त तारीख घालायची राहिली होती. रोज संध्याकाळी बायको डबा काढण्याच्या निमित्ताने पत्र अजून तिथेच आहे ना, ते बघून घेई.

शेवटी तिने नणंदेला बोलावलं. ताई नवऱ्याहून दोन वर्षांनी मोठी, वीज कंपनीत अभियंता, एका उपकेंद्राची प्रमुख. वीस वर्षांत तिने ना नोकरी बदलली होती, ना चष्म्याची फ्रेम. या घरात 'ताईला विचारा' म्हटलं की विषय संपायचा.

ताई आली आणि नेहमीसारखी टेबलाच्या डाव्या टोकाला बसली. दुसरीकडे कुठे बसली की जेवताना तिचं कोपर शेजारच्याला लागायचं. तिने चष्मा पुसला आणि वही उघडली. निबंध एका पानाचा; वाचायला तिने बराच वेळ घेतला.

"अक्षर बघा ना," बायको म्हणाली. "शाई ओली असताना सगळ्यावरून हात फिरवलाय. ओळ न ओळ फरफटलीय. लिहायचं धड कळत नव्हतं, आणि म्हणे ध्येय."

"हं," ताई म्हणाली.

मग तिने भावाची उलटतपासणी सुरू केली. केबिनला पायऱ्या किती? पाळी किती तासांची? वयाची अट काय? विजेच्या कामाचा अनुभव धरतात का? अर्जाची शेवटची तारीख? तो उत्साहाने सांगत गेला आणि ताई डायरी तिरकी धरून टिपून घेत गेली. बायकोचा जीव भांड्यात पडला. आता एकेक मुद्दा काढून ताई त्याला सरळ करणार.

ताईने तसलं काही केलं नाही. "छोट्या, परीक्षा दे," ती म्हणाली. "पण राजीनामा निकालानंतर. तोवर ते पत्र बॅगेतून काढून ठेव."

"वेडेपणाच आहे ना हा?" बायकोने आशेने विचारलं.

"आहेच. या वयात तर शुद्ध वेडेपणा." ताईने वही आपल्या पर्समध्ये टाकली. "ही मी नेते. इथे राहायला नको."

बायकोने दारापर्यंत जाऊन तिचे आभार मानले.

दोन महिन्यांनी निकाल लागला. जागा एकच होती, ती दुसऱ्याच कुणाला तरी मिळाली. दोन दिवस नवऱ्याने मिठाच्या बाटलीला हातही लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने मिठाची बाटली मीठ घ्यायला वापरली, आणि रात्रीची भांडी आवरायच्या आत पत्रही फाडलं. बायकोने ही बातमी द्यायला ताईच्या ऑफिसात फोन लावला. मॅडम रजेवर आहेत, असं उत्तर मिळालं. वीस वर्षांत पहिल्यांदा, तिच्या मनात आलं. घ्यावी बिचारीने, आमच्यापायी डोकं उठलं असेल.

पुढच्या महिन्यात दोघं एका लग्नाला निघाली आणि त्याच पुलाशी फाटक पडलं. समोरची पाती कुरकुरत वर उठू लागली. नवऱ्याने मान दुसरीकडे वळवली. लग्नाला उशीर होणार म्हणून बायको आधीच वैतागली होती. तुझ्याऐवजी कोण शहाणं इथे येऊन बसलंय ते तरी बघू दे, असं म्हणून तिने काच खाली केली.

वर केबिनच्या खिडकीत कुणीतरी पाठमोरं बसलं होतं आणि नोंदवही तिरकी धरून डाव्या हाताने लिहीत होतं.

तेवढ्यात एक सायकलवाला वाकून फाटकाखालून निघाला. केबिनमधली व्यक्ती उठली, तिने चष्मा सारखा केला आणि कर्णा खरखरला.

"सायकलवाले, मागे व्हा," ताई म्हणाली. "मी सांगेपर्यंत कुणीही जायचं नाही."