केसभर कमी

"पुसून काय होणार याचं?" मिस्त्रीनं पूल खेळायच्या क्यूचा दांडा उजेडात धरला. "ही काय खेळायची काठी आहे? याच्यापेक्षा झाडूचा दांडा बरा."

डावऱ्या उंबऱ्यातच उभा होता. आत ये म्हणायला मिस्त्रीची जीभ वळली नव्हती.

"चिकट झालाय," डावऱ्या म्हणाला. "बोटांतून सरकतच नाही. दुपारी फायनल आहे. अख्ख्या शहरात हे काम तुझ्यासारखं कोणी करत नाही."

"हे कळायला बावीस वर्षं लागली?"

"तू बोलणंच टाकलंस रे. माझं काही चुकलं असेल तर..."

काही चुकलं असेल तर म्हणे! मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दोघं एकाच टेबलावर खेळायला शिकले होते. एकाच डब्यात जेवायचे. आणि एका वर्षी क्लबच्या फायनलला दोघंच समोरासमोर आले. आदल्या दिवशी मिस्त्रीला कारखान्यात जादा पाळी लागली. क्यू क्लबातच राहिला. डावऱ्यानं तो स्वतः घरी आणून दिला.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच फटक्याला मिस्त्रीला कळलं. दांडा बोटांच्या खाचेत ढिला पडत होता. फटका मारला की शहारायचा, आणि पांढरा चेंडू भलतीकडे जायचा. सात-एकनं तो हरला, क्लबात हशा पिकला. घरी येऊन त्यानं माप घेतलं. टोकाकडे दांडा जवळजवळ अर्धा मिलिमीटर बारीक झाला होता. कोणीतरी घासला होता. काठी कुणाच्या हातातून घरी आली, हे त्याला वेगळं सांगायला नको होतं.

त्यानं हे कुणालाच सांगितलं नाही. हरलेल्यानं काठीला दोष दिला की लोक हसतात. त्यानं खेळ सोडला, डावऱ्याला सोडलं, आणि पुढं दुसऱ्यांच्या काठ्या दुरुस्त करत पोट भरलं.

"ठेव," तो म्हणाला. "तासाभरानं ये. डोक्यावर उभा राहू नकोस."

डावऱ्या गेला. खिडकीपाशी खुर्चीत बाबा बसले होते. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या कपाटांना पॉलिश केलं. मुलाच्या खेळाला ते 'गोट्या ढकलायचा धंदा' म्हणायचे. फायनल बघायलाही ते आले नव्हते. त्याचाही राग मिस्त्रीनं वेगळा जपून ठेवला होता.

त्यानं फडकं घट्ट पिळलं आणि दांड्यावरून फिरवलं. निळ्या चॉकचा चिखल निघाला. लाकडानं पाणी प्यायच्या आत त्यानं दांडा कोरडा केला. टोकाच्या पांढऱ्या कडीला स्पिरिट लावलं. मग अगदी बारीक पॉलिश पेपर, रेषांच्या दिशेनं, दोनच हलके हात. आता फक्त चामड्यानं चोळून मेण लावायचं, की काम संपलं.

इथं तो थांबला. माप घेतलं. बरोबर तेरा मिलिमीटर.

त्यानं खणातून जाड, खरखरीत पॉलिश पेपर काढला.

पेपर दांड्याभोवती गुंडाळून त्यानं अंगठा दाबला आणि घासायला लागला. एक हात त्या सात-एकसाठी. एक हात क्लबातल्या हसण्यासाठी. एक हात त्या 'चुकलं असेल तर'साठी. दात करकर वाजत होते. मांडीवर पांढरा भुसा साचत होता. मानेवरून घाम ओघळला तरी तो थांबला नाही. पुन्हा माप घेतलं, तेव्हा साडेबारा भरलं. मग त्यानं चामड्यानं दांडा इतका चोळला की हाताला चटका बसला. मेण लावलं. बघणाऱ्याला काय कळणार होतं?

डावऱ्यानं येऊन दांड्यावरून बोटं फिरवली.

"वा! लोणी आहे रे लोणी!" त्याचे डोळे भरून आले. "बघायला येशील?"

"मला कामं आहेत."

"तरीपण... बरं वाटलं. खरंच." तो काठी छातीशी धरून जिना उतरला.

मिस्त्रीनं मांडीवरचा भुसा झटकला. आता छाती हलकी होईल, असं त्याला वाटलं होतं. कसलं काय! राग तसाच धुमसत होता. त्यानं केरसुणी घेतली आणि जमिनीवर सूड उगवावा तशी आपटत झाडायला लागला.

"बरं केलंस," बाबा म्हणाले. "तुमचं दोघांचं काहीतरी बिनसलंय असं मला वाटायचं. किती मन लावून घासलीस त्याची काठी!"

"कामच आहे ते माझं."

"आणि जाड पेपर घेतलास ना? मला आवाजावरूनच कळलं. बारीक पेपरनं त्या लाकडाला काही होत नाही. मीसुद्धा जाडच घेतला होता."

केरसुणी थांबली. "तुम्ही? कधी?"

"तुझ्या त्या फायनलच्या आदल्या दिवशी. हा पोरगा काठी देऊन गेला, तू कामावर होतास. उघडून बघतो तर काय, नुसती काळी आणि चिकट. म्हटलं, आपल्या हातातली कला पोराच्या कधी उपयोगी पडायची? संध्याकाळभर घासघास घासली. काच केली काच!" बाबा खिडकीबाहेर बघत हसले. "तुला बोललो नाही. जिंकून आलास की सांगणार होतो."