थंड डोक्याचा

पहिला बॉल थोरल्याच्या बरगडीत बसला. दुसरा मांडीवर. तिसरा खांद्यावर बसला तेव्हा त्याचा पाय नकळत मागे सरकला, आणि बाकावरून बाप कडाडला, "हलायचं नाही!"

थोरला पुन्हा नेटला खेटून उभा राहिला. हातात रॅकेट नाही, दोन्ही हात पाठीमागे. पलीकडून धाकटा भाऊ दातओठ खाऊन मारत होता. तासाभराने त्याची फायनल होती. ही बापाने शोधून काढलेली विद्या. मोक्याच्या पॉइंटला बाकीचे खेळाडू दीर्घ श्वास घेतात, टॉवेलने तोंड पुसतात, उगाच बॉल आपटत बसतात. धाकट्याला असल्या कशाचा उपयोग व्हायचा नाही. त्याचं माथं भडकायचं आणि हात थरथरायला लागायचे. मग बापाने ठरवलं, भडका आधीच काढून टाकायचा. मॅचआधी अर्धा तास थोरल्याला उभं करायचं आणि धाकट्याने त्याला मनसोक्त झोडपायचं. आणि काय सांगावं, गुण आला! टीव्हीवाले म्हणायला लागले, काय थंड डोक्याचा पोरगा आहे हो. असणारच. सगळा ताप भावाच्या अंगावर काळानिळा होऊन बसलेला असायचा.

पहिल्या वर्षी धाकटा दर फटक्याला विचारायचा, "दादा, लागलं का रे?" आता विचारत नव्हता.

"आज हा जिंकला की तू सुटलास," बाप सकाळी थोरल्याला म्हणाला होता. "मग ती शाळेतली नोकरी कर, नाहीतर मसणात जा." चाळीस पोरांना टेनिस शिकवायचं होतं, आणि त्यातल्या एकालाही काही जिंकायचं नव्हतं. थोरल्याला आयुष्यात तेवढंच हवं होतं. म्हणून शेवटचा बॉल गालफडावर आला तरी तो जागचा हलला नाही. एक दात तेवढा हलला.

मॅच शेवटच्या सेटच्या टायब्रेकपर्यंत गेली. थोरला बापाशेजारी बसला होता, तोंडातलं रक्त गिळत. धाकट्याला मॅच पॉइंट मिळाला तेव्हा थोरल्याने खुर्चीचा हात गच्च धरला. एक पॉइंट. मग सुटका.

समोरचा खेळाडू धावत नेटपाशी आला आणि घाईघाईत त्याचा बॉल उंच उडाला. अगदी धाकट्याच्या डोक्यावर. समोरच्याच्या मागे अख्खं कोर्ट मोकळं. डावीकडे टाक, उजवीकडे टाक, आंधळ्यानेही पॉइंट काढला असता. धाकट्याने रॅकेट उचलली. त्याचा खांदा वळला, आणि तो खांदा थोरल्याच्या चांगलाच ओळखीचा होता.

"नको रे," थोरला पुटपुटला.

धाकट्याने अंगातलं सगळं बळ लावून बॉल समोरच्याच्या छाताडावर हाणला. समोरचा बाजूला झाला. एवढंच. बॉल टप्पा न पडता थेट मागच्या भिंतीवर जाऊन आदळला. आउट.

पुढचं सांगण्यासारखं नाही. दोन-चार पॉइंटांत मॅच गेली.

कपडे बदलायच्या खोलीत धाकट्याने दोन रॅकेटी फरशीवर आपटून मोडल्या. मग आरशावर मूठ मारली. मनगटावरून रक्ताची धार लागली तरी त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. बाकावर बसून तो हमसून हमसून रडायला लागला. चांगला बावीस वर्षांचा घोडा!

"दादा," तो म्हणाला, "तो हलला रे!"

बापाने दार लावून घेतलं. आता याच्या कानाखाली बसणार, असं थोरल्याला वाटलं. पण बाप थोरल्याकडेच वळला.

"नोकरीचं विसर. उद्या सातला कोर्टवर ये. उद्यापासून तू इकडेतिकडे पळायचं. हलत्या माणसाला कसं मारायचं, ते शिकवू याला."

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने पिशवीतून एक धड रॅकेट काढली. एक बॉल काढला.

"बाबा, जरा तिथेच उभे राहा."

"का?"

थोरल्याने टोला हाणला. बॉल बापाचा कान घासून मागच्या लोखंडी कपाटावर आदळला आणि कपाटाचं दार आत चेपलं. बाप दोन्ही हात डोक्यावर घेऊन फरशीवर बसला होता. कानावरून रक्त ओघळत होतं.

धाकट्याचं रडणं थांबलं.

थोरल्याने पिशवीत हात घालून दुसरा बॉल काढला.

"बघितलंस?" तो धाकट्याला म्हणाला. "माणूस असा हलतो."