पलीकडचं व्हर्जन

आठ दिवस झाले, वडिलांच्या चष्म्यावर धाकटीच बसलेली होती.

आईने संगणकावर ती ओळ पुन्हा वाचली आणि समोरचं ताट दूर सारलं. खरं तर तिने खूश व्हायला हवं होतं. लहानपणच्या आठवणींची ही फाइल दोघी बहिणी मिळून लिहीत. एकीने आपल्या घरी केलेला बदल दुसरीच्या घरी आपोआप उमटायचा. आईने, म्हणजे थोरलीने, ‘चष्म्यावर धाकटी बसली’ असं लिहावं, की सकाळपर्यंत तिथे ‘थोरली बसली’ झालेलं असायचं. सहा वर्षं दोघींत बोलणं नव्हतं. होतं ते एवढंच.

“मावशीने हार मानली असेल,” लेक म्हणाली.

“ती? जन्मात नाही. आजारी असेल.”

“मग फोन कर.”

“मी का म्हणून? तिचे काय हात मोडलेत?”

लेकीने खुर्ची ओढली आणि कोपऱ्यातला बारीक अक्षरांतला संदेश वाचला : पलीकडचं व्हर्जन जुनं आहे, संपर्क होऊ शकत नाही. दोन घरांतल्या फायली जुळवणाऱ्या या प्रोग्रॅमचं पॅकेज, म्हणजे लोकांच्या संगणकांवर उतरणारा गठ्ठा, बांधायचं, हीच तिची नोकरी. गेल्या आठवड्यात त्यात नवं व्हर्जन भरताना तिनेच जुनं काढून टाकलं होतं आणि खाली टीप लिहिली होती, ‘जुनं आता कुणी वापरत नाही.’ आईच्या संगणकाने नवं मुकाट्याने घेतलं होतं.

तिने खिडकीशी जाऊन फोन लावला. “मावशी, तेवढं नवं व्हर्जन घे ना.”

“चाललंय त्याला कशाला हात लावू? नव्याची हौस तुझ्या आईला. गेली तशी येऊ दे मागे.” मग आवाज खाली आला. “काय गं, बरी आहे ना ती? आठ दिवस एक अक्षर बदललं नाही तिने.”

“तू विचारलंस म्हणून सांगू?”

“खबरदार!”

मग तूच जुनं घे म्हटलं, तर आईचं उत्तर तयारच होतं. “मी मागे येऊ? थोरली आहे मी!”

दोघी जागच्या हलणार नाहीत म्हटल्यावर पॅकेजनेच वाकायला हवं होतं. लेकीने नव्याच्या शेजारी जुनंही भरलं : समोर नवं असेल तर नव्याने बोलायचं, जुनं असेल तर जुन्याने. दुपार त्यातच गेली. टीप खोडून तिने लिहिलं, ‘जुनं वापरणारे आहेत. ते बदलणार नाहीत.’

आईच्या संगणकावर ते पॅकेज घेऊन प्रोग्रॅम चालू केला, तर पडद्यावर चौकट उभी राहिली : दोन्हीकडे बदल झाले आहेत. कोणाचा ठेवू? डावीकडे आईची ओळ. उजवीकडे मावशीची, ‘बरं बाई, बसले असेन मीच.’

लेकीचा हात पुढे गेला. आईने तिचं मनगट धरलं.

“थांब. आमच्यात हा कोण पंच?” तिने उजवीकडची ओळ परत वाचली. “आणि ही माघार घेते? लक्षण ठीक नाही. लाव फोन.”

“काय सांगू?”

“तू काही सांगू नकोस. मी बोलते.” पलीकडे घंटा वाजू लागली. आईने फोनवर तळवा ठेवला. “आणि ऐक. फोन आधी मी केला असं तिने त्या फाइलीत लिहिलं, तर लगेच खोडायचं.”